गाणं कुठे पळतंय?

"घाई. पुन्हा तीच घाई. आवाज गोड आहे, पण बाईंना कुठेतरी पोहोचायचं असावं. गाणं पुढे पळतंय आणि आपण चपला हातात घेऊन त्याच्या मागे…"

समीक्षा इथे तुटली, कारण दुकानात एक आजोबा चष्म्याची तुटकी काडी घेऊन आले.

चष्मेवाल्याच्या समीक्षा अशाच मध्येच तुटायच्या. काउंटरच्या एका टोकाला फ्रेमा, दुसऱ्या टोकाला टॅब. स्वतःच लिहून, चाल लावून गाणाऱ्या त्याच्या लाडक्या गीतकाराचं गाणं कुणीही, कुठेही नव्याने गायलं की तो ते रेकॉर्डिंग मिळवायचा, कानांना हेडफोन लावून ऐकायचा आणि इंटरनेटवरच्या आपल्या पानावर त्याची सालं काढायचा. मूळ गाणी मात्र फक्त कॅसेटवर ऐकायची, हा त्याचा नेम. टॅबवर मूळ गाणं लावणं त्याला थुंकी लावून काच पुसण्यासारखं वाटे.

अलीकडे त्याला एकच गोष्ट खुपत होती. सगळे गायक पळत होते. एकजात सगळे. त्याने तसं लिहायला सुरुवात केली, आणि त्याच्या शब्दाला वजन असल्यामुळे गायकांनी ते मनावर घेतलं.

"अहो, अजून किती सावकाश गाऊ?" दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या दवाखाना सांभाळून गायच्या. "कडवं संपेपर्यंत पेशंटची भूल उतरते."

"डॉक्टर, शब्दांना श्वास घेऊ द्या."

"त्यांना देते हो. मग मी कधी घेऊ?"

तरी त्यांनी नेट लावला. तिसऱ्या खेपेला चष्मेवाल्याने लिहिलं, "आता कुठे गाणं चालायला लागलं." शाळेतल्या संगीताच्या मास्तरांनी तर मुलांचे दोन गटच पाडले. एक गट गायचा, तोवर दुसरा श्वास भरून घ्यायचा. "ठहराव, ठहराव" म्हणत लोक चष्मेवाल्याचं नाव घेऊ लागले.

म्हणून त्याने धाडस केलं. वाचनालयाचं सभागृह घेतलं, आपल्या पसंतीचे गायक निवडले आणि गीतकाराला बोलावलं. हा माणूस गाणं बिघडलं तर रागवत नसे, नुसता उठून जाई. त्याच्या उठून जाण्यानंतर काहींनी गाणं सोडल्याचं ऐकिवात होतं. वर्षानुवर्षं एकाही पत्राला उत्तर न देणाऱ्या त्याने या वेळी कळवलं, "येतो."

कार्यक्रमाच्या दुपारी चष्मेवाला सदऱ्याला इस्त्री करत होता. बायको टॅब घेऊन बसली होती.

"अहो, हा अजून सव्वापटच आहे की."

"काय सव्वापट?"

"वेग. मी परीक्षेची लेक्चरं पळवून ऐकायचे ना. पूर्ववत करायचं राहूनच गेलं."

"तुझी परीक्षा कधी झाली?"

"झाली की मागच्या उन्हाळ्यात. बढतीचे पेढेसुद्धा खाल्लेत तुम्ही."

चष्मेवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि डॉक्टरीणबाईंचं रेकॉर्डिंग खऱ्या वेगात लावलं. गाणं चालत नव्हतं. गुडघ्यांवर हात ठेवून जिना चढत होतं.

तो धावतच सभागृहात पोहोचला, मागोमाग बायको. "डॉक्टर, आज जरा वेगात घ्या."

"आता? घसा बसेपर्यंत घोटून घेतलंत माझ्याकडून. आता मला जेवणसुद्धा भरभर जमत नाही."

मास्तरांनी तर ऐकूनच घेतलं नाही. "ठहराव म्हणजे ठहराव," ते म्हणाले आणि मुलांना रांगेत उभं करायला गेले.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं, म्हणजे पुष्कळ वेळाने झालं. गीतकार पुढच्या रांगेत डोळे मिटून बसला होता. मागून चष्मेवाल्याला त्याची नुसती मान दिसत होती, आणि मानेवरून माणूस झोपलाय की संतापलाय ते कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी तिसरं गाणं धरलं. तिसऱ्या कडव्यावर गीतकार उठला.

चष्मेवाला वाटेतच आडवा आला. "सर, त्यांचा काही दोष नाही. मी सांगितलं म्हणून…"

गीतकाराने त्याला हाताने बाजूला केलं आणि दाराकडे न वळता तो थेट मंचावर चढला. बाई थांबल्या. त्याने माइक घेतला.

"हे गाणं मी केलं तेव्हा असंच होतं. कॅसेटच्या एका बाजूत मावेना, म्हणून कंपनीने मला पळवलं. पुढे सगळे पळतच गायले. हे कुणी ओळखलं?"

सगळ्या सभागृहाने चष्मेवाल्याकडे बोटं केली. त्याचे कान लाल झाले. खोटं बोलणं त्याला जमेना.

"मी नाही, सर. हिने," तो बायकोकडे बघत म्हणाला. "म्हणजे, हिच्या टॅबने…" पण टॅब टाळ्यांत बुडाला.

"या ना ताई," गीतकार म्हणाला. बायको पदर सावरत मंचावर गेली. त्या दिवसापर्यंत तिने त्याचं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. "सांगा, कसं वाटलं गाणं?"

"खरं सांगू?"

"सांगा की."

"लांबलं."

चष्मेवाल्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गीतकार मंचाच्या कडेला बसून पोट धरून हसत होता.

"तिसरं कडवं ना?" तो डोळे पुसत म्हणाला. "मलाही ते नकोच होतं. आजवर एकानेही सांगितलं नाही हो." आणि तिथेच ते कडवं गाळून, त्याच संथ चालीत तो डॉक्टरीणबाईंबरोबर गायला लागला. मास्तरांच्या मुलांचे दोन्ही गट न सांगता मिसळले आणि पहिल्यांदाच एकत्र श्वास घेऊ लागले.

त्या दिवसापासून चष्मेवाल्याच्या पानावर भलती गर्दी असते. तो अजूनही रात्र रात्र खपून लय, उच्चार, दोन ओळींमधली शांतता यांवर लिहितो. खाली पहिला प्रश्न ठरलेला: "वहिनी काय म्हणाल्या?"

मग त्याला स्वयंपाकघरात जाऊन विचारावं लागतं. डॉक्टरीणबाईंच्या नव्या गाण्यावर ती भांडी लावता लावता म्हणाली, "बरंय."

एवढंच त्याने छापलं. बाईंनी ते मोठ्या अक्षरांत लिहून फ्रेम करून घेतलं आणि दवाखान्यातल्या खुर्चीसमोर टांगलं. तिथे बसलेल्या पेशंटचा आ वासलेला असतो, त्यामुळे अजून कुणी वेगळं मत दिलेलं नाही.