सासऱ्यांच्या गाडीची मोठी चाकं

ऑफिसच्या फाटकाशी ती छोटी निळी गाडी आली की वॉचमन लांबूनच ओरडायचा, "सासऱ्यांची गाडी आली रे, दांडा वर घे!" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने "नवी घेतली का साहेब?" असं कौतुकाने विचारलं, तेव्हा जावईबापूंनीच "नाही, सासऱ्यांची आहे" असं सांगून टाकलं होतं. माणसाने खरं बोलावं, पण फाटकावर बोलू नये. दोन वर्षं झाली, अख्खं ऑफिस त्या गाडीला दुसऱ्या नावाने ओळखत नव्हतं.

आता गाडी होतीच सासऱ्यांची, त्याला वॉचमन तरी काय करणार? सासरे शिंपी. जन्मभर लोकांच्या पँटी शिवून त्यांनी ती घेतली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर किल्ली जावयाच्या हातावर ठेवली. "मला आता समोरचा माणूस आणि खांब सारखाच दिसतो," ते म्हणाले, "तुम्ही चालवा. फक्त जपा."

जावयाने जपली हो. पण गाडी एकदा तरी आपली वाटावी, ही हौस काही जाईना. शेवटी त्याने ती मिस्त्रीकडे नेली, दोन इंच खाली बसवून घेतली आणि चौदा इंची चाकं काढून सोळा इंची घातली. मिस्त्रीने चाक आणि पत्र्याच्या मधे दोन बोटं घालून दाखवली. "बघा साहेब, आरामात जातायत. घासायचा प्रश्नच येत नाही!"

काम संपलं त्याच दुपारी सासऱ्यांच्या डोळ्यांची ऑपरेशननंतरची पट्टी निघायची होती. जावई थेट दवाखान्यात पोचला. बायको बाहेर आली, तिने गाडी पाहिली आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"अहो, हे काय करून ठेवलंत? फतकल मारून बसल्यासारखी दिसतेय!"

"स्पोर्टी म्हणतात त्याला."

"म्हणत असतील. बाबा सकाळपासून काय म्हणतायत माहितेय? पट्टी निघाली की आधी माझी गाडी बघणार. आईला नाही, मला नाही, गाडी! आता काय सांगायचं त्यांना? विचारलं तरी होतंत का?"

विचारलं नव्हतं. तिथेच तर सगळं घोडं अडलं होतं. दोन वर्षांनी माणसाला स्वच्छ दिसणार, आणि पहिलं काय दिसणार, तर जावयाने केलेला उद्योग!

सासरे काळा चष्मा लावून, सासूबाईंचा हात धरून आले. गाडीसमोर थांबले. गाडीला एक फेरी मारली, मागच्या चाकावरच्या पत्र्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हं."

जावयाला तो "हं" चांगला ठाऊक होता. जुनं गिऱ्हाईक पोट सुटून दुकानात आलं की सासरे असाच "हं" करायचे आणि टेप उचलायचे.

सासरे पुढे बसले. सासूबाई आणि बायको मागे, मांडीवर दवाखान्याच्या पिशव्या. "अगं बाई," सासूबाई टेकता टेकता म्हणाल्या, "मी बसले की पडले?" गाडी निघाली, आणि दवाखान्याच्या फाटकातल्या पहिल्याच गतिरोधकावर मागून आवाज आला, "खर्रर्र!"

"काय झालं?" सासूबाई दचकल्या.

"काही नाही, दगड असेल," जावई म्हणाला.

पुढच्या गतिरोधकावर पुन्हा दगड. तिसऱ्यावर पुन्हा. मग एक साधा खड्डा आला, तिथेही दगड. जावई गाडी इतकी हळू चालवायला लागला, की फुटपाथवरच्या एक आजीबाई पुढे निघून गेल्या. सासरे मान कलती करून ऐकत होते.

"दगड नाही," शेवटी ते म्हणाले. "कुठंतरी अंगाला काचतंय. ज्याने शिवलंय त्याच्याकडे घ्या."

मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं आणि जराही न डगमगता पत्रा कापायचा ग्राइंडर उचलला. "पत्र्याची आतली कड लागतेय टायरला. उडवून टाकतो काका. पाच मिनिटं."

"थांब!" सासरे असे ओरडले, की मिस्त्रीच्या हातातली वायर सुटली. "कात्री कशी काय उचलतोस? आधी सांग, माप घेतलंस तेव्हा गाडीत कोण होतं?"

"कोणीच नाही. रिकामी होती."

"मग ते माप उभ्या माणसाचं झालं. अरे बाबा, पँट उभ्याने मापतात, पण फाटते बसल्यावर! गिऱ्हाइकाला एकदा बसवून बघायला नको?" आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून खडूचा चपटा तुकडा काढला. दवाखान्यात जातानाही तो खिशात होता. सवय, दुसरं काय! "दोन्ही कडांना आतून हा फास. तुम्ही दोघी मागे बसा. जावईबापू, तुम्हीही मधे बसा. हं, आता हला."

"हला म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"हला म्हणजे हला. वर-खाली."

तर अशा रीतीने भर दुपारी, गॅरेजच्या दारात, सासूबाई, बायको आणि जावई गाडीच्या मागच्या सीटवर उड्या मारायला लागले. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "घरात कुणाला सांगायची सोय नाही," सासूबाई उसळता उसळता पुटपुटत होत्या. बायकोला हसू आवरेना. जावई मात्र हसला नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

कडेचा खडू फक्त वीतभर पुसला गेला होता.

"एवढंच," सासरे म्हणाले. "एवढ्यासाठी पत्रा कापत होतास! ही कड म्हणजे पँटीची खालची पट्टी. कापायची नाही, आत दुमडायची. कापलं ते गेलं, दुमडलेलं पुन्हा सोडता येतं. आणि आधी गरम कर, नाहीतर रंग तडकेल. थंड कापडाला घडी बसते का कधी?"

मिस्त्रीने गरम हवेचं यंत्र आणलं, कड तापवली, रोलर फिरवत हळूहळू आत वळवली. सासरे कानाशी उभे. "घाई नको. चुणी पडेल. आणखी गरम कर." कड अशी सपाट बसली, की रंगाला ओरखडासुद्धा नाही. पुन्हा खडू, पुन्हा तिघांच्या उड्या. खडू जिथल्या तिथे.

जावई खाली उतरला आणि सासऱ्यांसमोर उभा राहिला. "बाबा, चुकलं माझं. तुम्हाला न विचारता केलं."

सासऱ्यांनी चष्मा जरा वर केला. "अहो, माझ्या दुकानात जन्मभर काय चाललं होतं? बाप आपला कोट मुलाला द्यायचा, आणि मुलगा तो माझ्याकडे आणून आपल्या मापाचा करून घ्यायचा. बापाच्या मापाचा कोट कोण घालतो? दिला म्हणजे दिला. फक्त शिवणीत पुन्हा सोडण्यापुरती थोडी माया ठेवायची, एवढंच." मग पुन्हा एकदा गाडीकडे बघून म्हणाले, "रंग निळा आहे होय! मी विसरूनच गेलो होतो."

जावयाचे डोळे भरून आले. चार बोलणी खाल्ली असती तरी चाललं असतं, पण हे कसं फेडायचं, ते काही त्याला सुचेना. तो नुसताच त्यांच्या पाया पडला.

महिन्याभराने डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर दिला आणि गाडी चालवायची परवानगीही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे दारात हजर. "जावईबापू, मला आता खांब वेगळा आणि माणूस वेगळा दिसतो. किल्ली द्या. तुम्हाला सोडतो."

ऑफिसच्या गतिरोधकावरून गाडी अलगद उतरली. सासऱ्यांनी कान देऊन ऐकलं. आवाज नाही. "बसलंय," ते खुशीत म्हणाले. "संध्याकाळी न्यायला येतो. थोडा उशीर होईल, मला जरा लांब फेरी मारायचीय." आणि मोठ्या चाकांवर गाडी वळवून ते भुर्रकन निघून गेले.

वॉचमन बघतच राहिला. "वा! काय झोकात गेली! पण साहेब, ती तर सासऱ्यांनी परत नेली. मग तुमची गाडी कुठली?"

"तीच," जावई म्हणाला. "सासऱ्यांची."