तुकानानांच्या रांजणातला मासा

माणसं नदीवरून मासा घरी आणतात. तुकानाना दरवर्षी घरून मासा नदीवर नेत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेला हंडा खांद्यावर घेऊन ते तापीकडे निघत. हंड्यात हातभर लांब मरळ मासा वेटोळं करून पडलेला असे. वाटेवरचा गोविंदा शिंपी मशीन थांबवी.

"कथा चालनात, नाना?"

"नदीवर. मासा सोडाले."

"काबर?"

"बारीक शे. वाढू दे."

नाना अमळनेरच्या एका जिनमध्ये तीस वर्षं कापूस तोलत होते. ताजव्याकडे न बघता गोणीचं वजन सांगणारा माणूस हातभर माशाला बारीक म्हणतो, याचा अर्थ गावाने आपल्या परीने लावला होता: डोकं हललंय.

मी त्या काळी अमळनेरच्याच एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. लढाईमुळे कागद मिळेना, म्हणून चार पानांचं पत्र दोन पानांवर आलं होतं. तरी त्यात मी सहा ओळींची जागा काढून 'वृद्ध गृहस्थाची भूतदया' अशी बातमी छापली. ती वाचून दोन कीर्तनकार बैलगाडीने आमच्या गावी नानांच्या दर्शनाला आले. नाना ओट्यावर बसून भाकरीशी मरळाचा रस्सा खात होते. कीर्तनकार पाणीही न घेता परतले.

नानांनी भिंतीपलीकडून मला हाक मारली. आमची घरं शेजारी होती. "तोल्याबिगर भाव लाई दिना तू!" एवढंच म्हणाले. बातमीदारीबद्दल इतकी नेमकी टीका माझ्यावर पुढे कुणी केली नाही.

खरा प्रकार असा होता. होळी झाली की तापी आटून डोहाडोहांत तुटे. नाना बांबूची काठी, गळ आणि डबीत चार जिवंत बेडक्या घेऊन डोहावर बसत. लहान मासे तव्यात जात. सगळ्यांत मोठा मात्र अंगणातल्या रांजणात. मरळ तोंड वर काढून हवा घेतो, त्यामुळे तो रांजणातही महिना-महिना जगतो. तो उडी मारून पळू नये म्हणून वर ओलं पोतं आणि पोत्यावर वरवंटा. नाना रोज पाणी बदलत, गांडुळं शोधत आणि माझ्या पत्रातले कापसाचे भाव रांजणाशी बसून मोठ्याने वाचत.

"त्याला भाव कशाला, नाना?"

"गावना शे ना तो? कळाले पाहिजे."

एका वर्षी मी आखाजीच्या आदल्या दिवशीच गावी पोचलो. लिंबाला झोके बांधून झाले होते, माहेरी आलेल्या लेकींची गाणी सुरू होती. नाना धुतलेलं धोतर नेसून वेशीकडे तोंड करून बसले होते. त्यांचा पुतण्या मुऱ्हाळी म्हणून, म्हणजे लेकीला आणायला, यावलकडे गेला होता. संध्याकाळी त्याची बैलगाडी रिकामी आली.

"सासू आजारी शे. पुढला साल धाडतस."

"मागला साल बी हाईच सांगं तिनी," नाना म्हणाले आणि आत गेले.

रांजणातला मासा कुणासाठी असे, ते तेव्हा मला कळलं. जनी त्यांची एकुलती एक लेक. आई लवकर गेली, तेव्हापासून बाप आणि लेक दोघंच. "मरळनं डोकं तिनं, बाकी बठ्ठं मनं," अशी त्यांची वाटणी होती. जनीच्या सासरी मासा शिजत नसे. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि पाचही आखाज्यांना तिला कुणी धाडलं नव्हतं.

हे मी छापलं नाही.

सहाव्या वर्षी जनी आली. आखाजीचा सण मांडे आणि आमरसावर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्वतः पाट्यावर मसाला वाटायला बसले. आमचं अंगणही त्या वासाने भरलं. जनीने वरवंट्याची जागा रिकामी बघितली, हौसेने रांजणावरचं पोतं उचललं आणि वाकली. तिच्या गळ्यातली तुळशीची माळ बाहेर लोंबली.

तिने ती चटकन पदराआड केली. पण तीस वर्षं ताजव्यावर काढलेली नजर होती ती. नानांचा वरवंटा थांबला.

"सासूबाईंनी घातली," जनी हळूच म्हणाली. "तीन वर्षं झाली. तुमले सांगाले जीव होयना." मग घाईने म्हणाली, "पण मी रांधी देस ना, नाना. तुमी खा. केवढा मोठा शे हाऊ!"

नाना उठले. रांजणात डोकावून त्यांनी माशाकडे बराच वेळ बघितलं, जणू पहिल्यांदाच तोलत होते.

"बारीक शे," ते म्हणाले. "वाढू दे. पुढला साल येजो देखाले."

वाटलेला मसाला वांग्यांना लागला. संध्याकाळी हंडा नदीकडे निघाला, तो दोघांनी दोन बाजूंनी धरला होता. गोविंदाने मशीन थांबवलं, ते दोघं नजरेआड झाल्यावरच पुन्हा सुरू केलं.