एका अभिप्रायास एकच सूचना

चूक एकदाच केली तर लोक माफ करतात. ती पुन्हा पुन्हा सुधारत बसलं तर कोणी माफ करत नाही. आमच्या मालेगावच्या ‘आपला कट्टा’ या ब्लॉगची सारी शिस्त या तत्त्वावर उभी आहे. (मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं. दुसऱ्या मालेगावकरांनी कृपया अभिप्राय पाठवू नयेत. ते पाठवतात.)

कट्ट्याचे सभासद सहाशे बारा. लिहिणारे नऊ, वाचणारे चार. बाकीचे फक्त सूचना, म्हणजे फोनवरची नोटिफिकेशनं, वाचतात. कोणी अभिप्राय पाठवला की तो टिंग करून सर्वांच्या फोनवर जातो. अडचण एवढीच होती, की पाठवलेल्या अभिप्रायात बदल केला की पुन्हा टिंग. आणि आमच्यात उकंडराव आहेत.

उकंडरावांना एका दमात लिहिणं जमत नाही. ते एक वाक्य लिहितात, पाठवतात, चष्मा पुसतात आणि ‘बदल करा’ दाबून त्यालाच पुढचं वाक्य जोडतात. सोयाबीनवरच्या त्यांच्या एकाच अभिप्रायाच्या सतरा सूचना गेल्या. (पैकी तीन निव्वळ स्वल्पविरामाच्या.) खाणावळवाल्या विमलबाईंनी कंटाळून फोन पिठाच्या डब्यात ठेवला, आणि त्या दिवशी पोळ्या उशिरा झाल्यामुळे प्रश्न सार्वजनिक झाला.

समिती नेमली. सचिव मी. ठराव झाला: ‘एका अभिप्रायास एकच सूचना, आणि ती पहिलीच. नंतरचे बदल झाले असले तरी झाले नाहीत असे समजावे.’ ठराव मांडला माणिकरावांनी, म्हणजे उकंडरावांच्या सख्ख्या मित्रानं. दोघांनी एकतीस वर्षं सकाळची वाशीमची एसटी एकाच बाकावर बसून केली. माणिकराव कचेरीत आवक-जावकला होते; आवकला नोंद नसलेला कागद त्यांनी जन्मात वाचला नाही. कट्ट्याचं तांत्रिक काम बघणाऱ्या साधनानं विचारलं, की बदलातच खरं म्हणणं असेल तर काय करायचं. तिची शंका इतिवृत्तात आदरपूर्वक नोंदवून घेतली.

पुढच्याच आठवड्यात माणिकरावांनी ‘माझी निष्कलंक सेवा’ हा लेख टाकला. सहाशे बारा फोनांवर उकंडरावांचं एकच वाक्य गेलं: ‘हे साफ खोटं आहे.’

चष्मा पुसून झाल्यावर उकंडरावांनी पुढे जोडलं होतं, ‘असं कोणी म्हणालं तर त्यानं माझ्याकडे यावं. इतका सरळ माणूस मी पाहिला नाही.’ पण ते बदलात मोडत होतं.

माणिकरावांनी बोलणं सोडलं. महिन्यावर त्यांच्या लेकीचं, पिंकीचं, लग्न होतं. पत्रिका सगळ्या मालेगावात फिरल्या, एक सोडून. शेवटी उकंडराव स्वतःच, साधनाला आणि मला सोबत घेऊन, त्यांच्या फाटकाशी गेले.

“माणिकराव, पुरं वाच ना गड्या. मी तं तुयी तारीफ केली.”

“मले सूचना नाही आली,” माणिकराव म्हणाले. “जे आलं, ते म्या वाचलं.”

साधनानं आपला फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान फिरवली. स्वतः मांडलेला ठराव स्वतःसाठी मोडायचा नाही, ही सचोटी आता दुर्मीळ आहे. मला भरून आलं.

लग्नाचा बँड उकंडरावांनी आपल्या ओट्यावर बसून ऐकला आणि शुभेच्छा लिहायला घेतल्या. टिंग गेलं: ‘पिंकीच्या लग्नाले मले बोलावलं नाही.’

पंगत उठायच्या आत दोनशे चाळीस सभासदांनी त्यांचा निषेध नोंदवला. (मीही. सचिव या नात्यानं पहिला.) साधना म्हणते, त्या वाक्याखाली आता अकरा ओळी आहेत आणि शेवटची अशी: ‘तरी ते मायीबी लेक हाय, सुखी राहो.’ ऐकून वाईट वाटलं. पण नियमानुसार त्या ओळी नाहीत.

तुम्हीही कोणाचं तरी एखादं वाक्य असंच वर्षानुवर्षं धरून बसला असाल. त्या माणसानं ते मागेच पुरं केलं असेल. उघडून बघायची तसदी घेऊ नका; तसं काही असतं तर तुम्हाला सूचना आलीच असती.