आदर्श वायर

वर्कशॉपमधला मोठा ग्राइंडर झटके द्यायचा, यात कोणाचाच दोष नव्हता. ग्राइंडर खिडकीपाशी, विजेचा बोर्ड दाराशी, आणि मधल्या अंतरात टेबलफॅनला शोभेल अशी बारीक वायर. तिला अर्थिंग नव्हतं, पण चिकटपट्ट्या भरपूर होत्या. काम सुरू झालं की ती तापायची आणि थंडीत मंडळी तिच्याजवळ सरकून बसायची.

हा ग्राइंडर फोरमनचा मेहुणा चालवायचा. त्यामुळे झटका वर्कशॉपमध्ये बसला तरी आवाज फोरमनच्या घरी व्हायचा.

"माझा एकुलता एक भाऊ आहे," बायको ताट पुढे सरकवत म्हणाली. "त्याला काही झालं, तर आईला तोंड तुम्ही दाखवायचं."

फोरमन हाडाचा कारागीर. सुट्टीच्या दिवशी बैठक मारून त्याने नवी वायर केली. रबरी आवरणाची, आत तांब्याचे तीन जाड पदर. अर्थिंगची तार त्याने मुद्दाम जराशी लांब ठेवली, म्हणजे ओढाताणीत सुटलीच तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. प्लगच्या तोंडाशी पट्टी आवळली, स्वतः लोंबकळून ताण दिला. दुसऱ्या दिवशी ग्राइंडर सुरू केला, तर वायर थंडगार आणि यंत्र आज्ञाधारक.

"भावजी, आज पहिल्यांदाच कामावर माणसासारखं उभा राहिलोय," मेहुणा म्हणाला.

तेवढ्यात सुरक्षा अधिकारी डोकावले आणि घात झाला. त्यांनी वायर हातात घेतली, वास घेतला, डोळे मिटले.

"ही आदर्श वायर आहे," ते म्हणाले. "आणि आदर्श वस्तू अशी जमिनीवर लोळते? हिच्यावर लोखंडाचा कीस पडणार, लोकांचे बूट पडणार. वापरून खराब झाली, तर सुरक्षित वायर म्हणून दाखवायचं काय?"

वायर काचेच्या कपाटात गेली. वर पाटी लागली: 'आधी सुरक्षा, मग काम'. कपाटाची किल्ली आणि एक पितळी बिल्ला फोरमनला मिळाला. जुनी वायर तात्पुरत्या स्वरूपात पुन्हा जोडण्यात आली. पाहणीला पथकं येऊ लागली, काचेतून वायर बघून समाधानाने चहा पिऊ लागली. फोरमन रोज सकाळी काच पुसू लागला.

"भावजी, आज जाड पाती घासायची आहेत," एकदा मेहुणा म्हणाला. "जुनीने निभावणार नाही. तासाभरापुरती द्या ना ती."

"अरे, परवा पाहणी आहे. काळी झाली म्हणजे? इतके दिवस चाललंच ना? रबरी चप्पल घाल."

बोलून झाल्यावर फोरमनला स्वतःचीच लाज वाटली. पण बिल्ला झकास चमकत होता.

दुपारी जुनी वायर पेटली. मेहुणा वाचला, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटं पुन्हा मिटतील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

चौकशी समिती बसली.

"वर्कशॉपमध्ये सुरक्षित वायर उपलब्ध होती?"

"होती, साहेब," फोरमन म्हणाला.

"कुठे?"

"समोरच. सगळ्यांना दिसेल अशी."

"म्हणजे डोळ्यांसमोर असूनही कामगाराने ती वापरली नाही," अध्यक्ष खेदाने म्हणाले. फोरमनने छातीवरचा बिल्ला सरळ केला. निष्कर्ष निघाला: कामगाराचा निष्काळजीपणा.

संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली. "त्याने ती चांगली वायर का नाही हो घेतली?"

"कपाटाला कुलूप होतं."

"आणि किल्ली?"

फोरमन उठून पाणी प्यायला गेला. बराच वेळ तो पाणीच पीत होता.

हे वाचून तुम्ही फोरमनला चार शिव्या हासडल्या असतील, आणि ते योग्यच आहे. फक्त जाता जाता एक आठवून बघा. आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी ठेवलेला तुमच्या इमारतीचा मागचा जिना घाण होतो, म्हणून त्याला कुलूप लावायचं बैठकीत ठरलं, तेव्हा पहिला हात कोणाचा वर गेला होता?