दिशाच्या शोधाचा फ्लेक्स

साहेबरावांच्या लेकीनं, दिशानं, पुण्याच्या प्रयोगशाळेत मशीनवर माणसाची कातडी छापली आणि इकडे निमगाव केतकीत साहेबरावांचा पाय घरात ठरेना. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी फारसं विचारत नसे. आता तेच दिसेल त्याला थांबवत. "भाजलेल्या माणसाला बसवायची कातडी! हाय का कुणाची पोरगी अशी?" नव्हतीच. ऐकणाराही मनापासून मान डोलवी.

एवढं कौतुक फ्लेक्सशिवाय कसं भागणार? फ्लेक्सवाल्या रतननं विचारलं, "आबा, मागं काय टाकू? ऊस का सिंह?"

"हे टाक." दिशानं समजावून सांगताना पाठवलेलं चित्र त्यांच्या मोबाइलवर होतं. मशीनच्या तोंडाचा आराखडा आणि खाली मिश्रणाचं प्रमाण. साहेबरावांना त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण छाती मात्र फुगली होती.

फ्लेक्सची बातमी फुटली. शेजारच्या अप्पांसकट जो तो शुभेच्छुक म्हणून आपला फोटो घेऊन रतनकडं आला, आणि साहेबरावांना कुणाला नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी स्टँडसमोर फ्लेक्स चढला, तेव्हा डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना तो नीट दिसलाही नाही.

तासाभरात दिशाचा फोन. "आबा, सोमवारी पेटंटचा अर्ज जातोय. ते चित्र कुणाला दाखवलं नाही ना?"

"का गं?"

"कातडी निसर्गाची, तिच्यावर पेटंट मिळत नाही. माझी आहे ती छापायची रीत. ती अर्जाआधी चारचौघांत जाहीर झाली, तर नवी राहत नाही. पाच वर्षांची मेहनत मातीत!"

साहेबरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "चारचौघांत न्हाय," ते म्हणाले, "स्टँडवर."

दिशा म्हणाली, "निघते मी. तो उतरवा."

साहेबराव शिडी घेऊन धावले. तिथं अप्पा आणि मंडळी फ्लेक्सवरचे आपापले चेहरे न्याहाळत उभी होती.

"उतरवायचा? आमच्या पावण्यांनी अजून बघितला न्हाय!"

"अप्पा, पोरीचं नुकसान व्हईल."

"सत्तावीस जणं शुभेच्छा देतोय आमी. नुकसान कसं व्हईल?" असं म्हणून अप्पा शिडीच्या खालच्या पायरीवरच बसले. संध्याकाळपर्यंत हललेच नाहीत.

दिशा आली. वर बघायचा तिला धीर होईना. तिनं मोबाइल उंच धरून फोटो काढला आणि पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाईंना पाठवला. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला.

"तीनदा मोठा करून पाहिला. यात शोध कुठे आहे?"

आता दिशानं मान वर केली. मशीनच्या तोंडावर अप्पांचा फेटा होता. प्रमाणाच्या आकड्यांवरून शुभेच्छुकांची रांग गेली होती, काळ्या गॉगलांसकट.

"एकही आकडा दिसत नाही. अर्ज बिनधास्त जाऊ दे," वकीलबाई म्हणाल्या.

दिशा हसत हसत अप्पांच्या पाया पडली. "वाचवलंत, अप्पा!"

"मग! आमच्या शुभेच्छा वाया जात न्हायत."

"एक विचारू?" वकीलबाई अजून फोनवरच होत्या. "यात शोध लावणारी कोणती?"

दिशानं फ्लेक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. नाव होतं, भलंमोठं. "आबा, मी कुठाय?"

साहेबरावांनी मान खाली घातली.

"बाळा, समद्यांनी जागा मागितली. तू काय मागायला आली न्हाईस."