डबीला ‘जा’ कोण म्हणणार?

पूर्णा स्टेशन ते बसस्टँड हे दीड किलोमीटरचे अंतर माणसाने एकट्याने, ड्रायव्हरशिवाय, मध्ये कुठेही न थांबता पार करावे, यासाठी इंजिनिअर जीवनने चार वर्षे घातली होती. खांबांवरच्या अरुंद मार्गावरून आपोआप धावणाऱ्या त्याच्या छोट्या गाडीला गावाने ‘डबी’ असे नाव ठेवले. डबी आतल्या माणसाचा हुकूम ऐकत असे. ‘जा’ म्हटले की जायची, ‘ये’ किंवा ‘या’ म्हटले की परत यायची. आज तपासणीला मोठे साहेब आले होते. चाचणी फसली तर योजना बंद, हे त्यांनी चहाच्या आधीच सांगून टाकले.

“आत बसणारा माणूस अगदी साधा हवा,” साहेब म्हणाले.

जीवनने आईला, कस्तुराबाईंना, बसवले. याहून साधे माणूस त्याच्या माहितीत नव्हते.

कस्तुराबाईंनी डबीला हळदकुंकू लावले, पदर सावरून आत बसल्या आणि जमलेल्या बायकांना म्हणाल्या, “येते बरं का!”

“मी इथेच आहे,” डबी बोलली.

शेजारच्या कडूबाईंनी दारातून डोके आत घातले. “सावकाश या, काकू!”

“मी इथेच आहे.”

“ही कामून हालंना रे?” कस्तुराबाईंनी विचारले.

“आई, ‘जा’ म्हण तिला,” जीवन लांबूनच ओरडला.

कस्तुराबाईंचा चेहरा पडला. “पयल्या डावाला, हळदकुंकू लावून, तसलं म्हनू? निघताना असं अभद्र कुनी बोलतं का?”

“मशीन हाय ते!”

“तुजं चार वर्साचं लेकरू हाय.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. जीवनने हात जोडले. “आई, माजं समदं हिच्यावर हाय गं.”

ते ऐकून कस्तुराबाईंना भरून आले. त्यांनी डोळे मिटून तोंड उघडले आणि त्या कशाबशा म्हणाल्या, “निघ, बाई.”

“समजले नाही,” डबी म्हणाली.

साहेब तावातावाने आत शिरले. “अहो आजी, साधा शब्द आहे! जा!”

दार लागले आणि साहेबांसकट डबी गेली. दोन मिनिटांत तिने बसस्टँड गाठला. परतताना काहीच अडचण आली नाही, कारण कस्तुराबाईंनी तिथल्या फुलवालीलाही “येते” म्हटले होते.

साहेब खूश झाले. आठवड्याभरात मंजुरीचा कागद आला. मंजूर यंत्रणेत वर्षभर एका शब्दाचाही बदल करू नये, आणि प्रवाशांच्या सोयीसाठी थांब्यावर ‘जा’ म्हणायला एक माणूस नेमावा, अशी त्यात अट होती.

जाहिरात लागली. गावात रिकामे हात पुष्कळ होते, पण सकाळपासून लोकांना जा म्हणण्याचे पाप डोक्यावर घ्यायला कुणीच तयार होईना. योजना पुन्हा अडली, तेव्हा जीवन स्वतःच थांब्यावर उभा राहिला.

दुपारी कस्तुराबाई त्याची भाकरी घेऊन आल्या. लेक प्रत्येक प्रवाशामागे दारात वाकून गंभीरपणे ‘जा’ म्हणत होता. त्यांनी भाकरी खाली ठेवली.

“इंजिनेर झालास,” त्या म्हणाल्या, “आन दिसभर मानसं हाकलायलास व्हय रे?”