दोन इंचांची वाढ

"वेदनेशिवाय वाढ नाही!" अशी घोषणा करून बास्केटबॉलचे सर प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठायला गेले आणि "आई गं" म्हणून परत खाली बसले. त्यांची कंबर गेली अकरा वर्षं दुखत होती आणि त्या काळात त्यांची जी काही वाढ झाली होती ती पोटाच्या बाजूने.

घोषणा समोर उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी होती. मैदानावर तिला सगळे शिडी म्हणत. तिने एवढंच सांगितलं होतं, की सर, आजकाल पाय दुखतात. सरांनी डोळे मिटून घेतले. अठ्ठावीस वर्षं शिट्टी फुंकून थकलेल्या माणसाला बऱ्याच दिवसांनी शुभवार्ता मिळाली होती. "दुखू दे," ते म्हणाले. "छान दुखू दे."

कारण असं, की निवासी प्रशिक्षण केंद्रात एक जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी शिफारस सरांनी करायची होती. अर्ज आठ पानी. त्यात खेळाला अर्धं पान, बाकी सगळी उंची. वर्षभर दर महिन्याला, एकाच जागी, एकाच वेळी, एकाच माणसाने मोजलेली. शिडीला ती जागा हवी होती. इतकी, की ती चेंडू उशाशी घेऊन झोपायची आणि सकाळी मान अवघडली तरी बोलायची नाही.

मोजणारा माणूस घरातच होता. तिचे वडील पाणीपुरवठा खात्यात मीटरचं रीडिंग घ्यायचे. एकवीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचल्यामुळे त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता, काट्यावरचा वाढला होता. त्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीवर रंगाने फूट-इंच आखून घेतले होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, मुलीच्या डोक्यावर पाटी आडवी धरून ते आकडा मोठ्याने वाचत आणि वहीत लिहीत. सात महिन्यांत पोरगी मोजून एक इंच वाढली होती.

आठव्या महिन्यात घरात फरशीचं काम निघालं. पंधरा दिवस सगळ्यांनी सिमेंट खाल्लं. काम संपलं तेव्हा आई इतकी दमली होती, की नवी फरशी कशी झालीय असं शेजारणीने विचारल्यावर "झालीय" एवढंच म्हणाली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी वडिलांनी पाटी धरली आणि त्यांच्या हातातली पेन्सिल पडली.

"दोन इंच! एका महिन्यात दोन इंच!"

"तिच्या पँटी तर आखूड झालेल्या नाहीत," आई शिलाई मशीनवरून म्हणाली. ती घरीच कपडे शिवायची.

"पँटीचं काय घेऊन बसलीस? हे रीडिंग आहे."

"मीही टेपनेच मोजते."

"तुझी टेप कापडाची. ताणते ती."

आईने वाद घातला नाही. पंधरा दिवसांची धूळ अजून तिच्या घशात होती.

सरांनी वही पाहिली, हिशेब मांडला आणि शिडी अठराव्या वर्षी सहा फूट दोन इंच होणार असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवसापासून तिची जागा बदलली. तोवर ती चेंडू घेऊन पुढे जायची. कोण मोकळं आहे हे तिला त्या मुलीच्या आधी कळायचं. आता तिला रिंगखाली उभं केलं, हात वर करून. "तू फक्त उंच रहा," सर म्हणाले. "बाकीचं बाकीच्या बघतील."

ती दिवसभर उड्या मारू लागली. पाय जास्तच दुखू लागले. सरांनी नोंद केली : 'वेदना समाधानकारक.' वडील रोज संध्याकाळी तिच्या गुडघ्यांना तेल लावू लागले. पुढच्या वाढीची सोय म्हणून त्यांनी आईकडून ट्रॅकपँट तीन इंच लांब शिवून घेतली. तीत पाय अडकून पोरगी मैदानावर तोंडावर आपटली.

"हाडं वाढली की तोल जातोच," वडील म्हणाले.

"लक्षण चांगलं आहे," सर म्हणाले.

अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी सर घरी आले. मोजमापाचा एकच रकाना राहिला होता : आई-वडिलांची उंची, मुलीची मोजली त्याच जागी. वडील शर्ट खोचून चौकटीला टेकून ताठ उभे राहिले. सरांनी पाटी धरली.

"पाच नऊ."

"पाच सात," वडील म्हणाले.

"पाच नऊ आहे हो."

"सर, माझ्या ओळखपत्रावर पाच सात आहे. लग्नातही मी पाच सातच होतो."

"लग्नात पाच आठ सांगितलं होतं," आई म्हणाली.

सरांनी पुन्हा पाटी धरली. पुन्हा पाच नऊ. त्यांनी चष्मा पुसला.

"तुमचे पाय दुखतात का हो?"

"दुखणारच. दिवसभर जिने चढतो."

"मग तुमचीही शिफारस करतो. अजून वाढताय."

आई मशीनवरून उठली, चौकटीत उभी राहिली. तीही दोन इंच वाढली होती. मग ती वाकली, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखालून लाकडाची एक पट्टी काढली आणि अर्जावर ठेवली. टेबल एका बाजूला कललं.

"हे दाराचं खालचं लाकूड. सुताराने कापलं ते. नवी फरशी जुनीवरच बसवली ना, दार अडायला लागलं होतं. फरशी वर आली, चौकटीवरचे आकडे होते तिथेच राहिले."

वडिलांनी पट्टी मोजली. दोन इंच. काटा कधी खोटं बोलत नाही, तसा तो आत्ताही बोलला नाही. ते स्टुलावर बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एकवीस वर्षांची रीडिंग एकदम उतरली.

सरांनी सहा फूट दोनवर काट मारली. नवा आकडा पाच फूट आठच्या आसपास येत होता.

"म्हणजे माझं नाव नाही जाणार?" शिडीने विचारलं.

सरांनी उत्तर टाळलं. आणि उत्तर टाळताना तीन महिन्यांत कोणीच न विचारलेला प्रश्न त्यांच्या तोंडून गेला. "तुझं दुखतं तरी नेमकं कुठे गं?"

तिने बूट काढले. बोटं एकमेकांवर चढून बसली होती. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

"गुडघे नाही दुखत?" वडिलांनी विचारलं.

"नाही."

"मग मी रोज तेल लावतो ते?"

"लावू दिलं. तुम्हाला बरं वाटायचं."

"अगं, मग बोललीस का नाहीस?" आई म्हणाली.

"सगळे म्हणायचे, दुखतंय ते चांगलंय. थांबलं असतं तर सरांनी नाव खोडलं असतं."

सरांनी बूट हातात घेतला, त्याचा तळ तिच्या तळव्याला लावून पाहिला. पाऊल बोटभर बाहेर आलं. त्या तीन महिन्यांत त्या घरात खरोखर वाढली होती ती एवढीच वस्तू, आणि आठ पानांत तिला रकाना नव्हता.

"अशा पायांनी तीन महिने उड्या मारल्यास?" सर हळूच म्हणाले. मग त्यांनी पेन घेतलं आणि शिफारशीतल्या 'विकासक्षमता' या शब्दापुढे लिहिलं : 'उंची फरशीवर अवलंबून. पास देणं उत्तम. सहनशक्ती गरजेपेक्षा जास्त. रिंगखाली उभं करू नये. घ्यावी.' खाली सही केली आणि कंबर धरून उठले.

वडिलांच्या अंगात मात्र पुन्हा जीव आला होता. त्यांनी वही उघडली, नवी उभी रेघ मारली, वर 'पाऊल' लिहिलं आणि टेप घेऊन मुलीसमोर बसकण मारली.

"थांब हं, हलू नकोस. पहिलं रीडिंग आत्ताच घेऊ. म्हणजे दर महिन्याला—"

शिडीने पाय मागे घेतला.

"बाबा, मोजा नंतर. आधी नवे बूट आणा ना. एक नंबर मोठे."